एसएमपीएस निवडताना आणि बदलताना : वॅट नंतर, आधी १२ व्होल्टचे अँपिअर

तांबेतार

'किती वॅटचा एसएमपीएस घेऊ?' हा प्रश्न इथे वरचेवर येतो. (एसएमपीएस म्हणजे भिंतीतल्या विजेतून कॉम्प्युटरला लागणारे कमी व्होल्ट बनवणारा डबा.) प्रत्येक वेळी तेच उत्तर तुकड्यातुकड्यांत लिहिण्यापेक्षा सगळं एका धाग्यात असू द्या. जाणकारांनी भर घालावी, चूक दिसली तर तिथेच सांगावी.

पहिली गोष्ट म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवा. आजच्या डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हेच खरे खाणारे, आणि दोघंही १२ व्होल्टवर चालतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर यूएसबी, साटा ड्राइव्ह (साटा केबलने जोडलेल्या हार्डडिस्क-एसएसडी) आणि मदरबोर्डवरच्या किरकोळ चिप एवढंच उरतं. म्हणून एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेला तक्ता वाचायचा आणि १२ व्होल्टपुढचे अँपिअर बघायचे. चांगल्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ५४ अँपिअर असतात. ५४ गुणिले १२ म्हणजे ६४८ वॅट, जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर मिळते. हलक्या मालावर मात्र मोठ्या अक्षरात ५०० वॅट आणि तक्त्यात १२ व्होल्टपुढे १८ अँपिअर दिसतात. म्हणजे फक्त २१६ वॅट. बाकीचे वॅट जिथे कुणी वापरतच नाही तिथे दाखवून बेरीज फुगवलेली असते.

तक्त्यात १२व्ही१ आणि १२व्ही२ अशा दोन रेल (१२ व्होल्टच्या वेगळ्या वाटा) असतील तर त्यांचे अँपिअर सरळ मिळवू नका. खाली 'एकत्रित कमाल' म्हणून वेगळा आकडा असतो, तोच खरा.

आता गरजेचा हिशोब. रायझन ५ ७६०० चा टीडीपी (कंपनीने जाहीर केलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट असला तरी सॉकेटमधून तो ८८ वॅटपर्यंत घेतो. इंटेलमध्ये फरक आणखी मोठा : कोअर आय५ १३६००के ची मूळ पॉवर १२५ वॅट, पण टर्बोत (वेग वाढवल्यावर) १८१. हिशोबात नेहमी हा वरचा आकडा धरा. आरटीएक्स ४०७० चे २०० वॅट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ५० ते ६०. म्हणजे ७६०० आणि ४०७० ची जोडी साधारण ३५० वॅटवर थांबते. तिला ५५० पुरतो, ६५० निवांत चालतो. ८५० घेतल्याने काही बिघडत नाही, पण त्याच पैशात उत्तम दर्जाचा ६५० मिळत असेल तर मी डोळे झाकून ६५० घ्यायला सांगेन.

काठपदर

हिशोब ३५० चा असेल तर चांगल्या कंपनीचा ४०० वॅट का नको? १२ व्होल्टवर ३३ अँपिअर मिळतात, म्हणजे ३९६ वॅट. तुमच्याच पद्धतीने बसतं की.

तांबेतार

सरासरीत बसतं, पण ग्राफिक कार्ड सरासरीत चालत नाही. २०० वॅटचं कार्ड मिलिसेकंदाच्या अंशापुरतं दुप्पट करंट ओढू शकतं. मल्टिमीटरला किंवा भिंतीतल्या वॅटमीटरला तो झटका दिसतही नाही, पण एसएमपीएसच्या संरक्षण सर्किटला दिसतो आणि ते सगळं बंद करून टाकतं. मग गेम चालू असताना निळा स्क्रीन न येता, कसलाही संदेश न येता मशीन थेट काळं पडतं.

एटीएक्स ३.० हे एसएमपीएसचं २०२२ चं मानक याच झटक्यांसाठी आलं. त्यात मोठ्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदापुरता स्वतःच्या क्षमतेच्या २०० टक्के भार सोसावा अशी अपेक्षा आहे. जुन्या मानकाचा एसएमपीएस आणि नवं जोरकस कार्ड अशी जोडी असेल तर वरचा मोकळा वाव जास्त ठेवा.

निमगोल

एसएमपीएसवरच्या ८० प्लस बिल्ल्याबद्दल (ब्राँझ, गोल्ड वगैरे). गोल्ड म्हणजे दर्जा असं समजून लोक खरेदी करतात. ते फक्त कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझला २०, ५० आणि १०० टक्के भारावर ८२, ८५, ८२ टक्के लागतात आणि गोल्डला ८७, ९०, ८७. २३० व्होल्टवर तोच एसएमपीएस टक्का-दोन टक्के वर जातो. चाचणी २३ अंश तापमानात होते. बंद कॅबिनेटमध्ये ग्राफिक कार्डाखालची हवा कधीही २३ अंशांवर नसते.

फरक किती पडतो? ३५० वॅटच्या भाराला गोल्ड ९० टक्क्यांनी ३८९ वॅट ओढेल, ब्राँझ ८५ टक्क्यांनी ४१२. म्हणजे डब्यात ३९ वॅट उष्णता की ६२ वॅट, एवढाच प्रश्न. बिलापेक्षा पंख्याच्या आवाजात तो जास्त जाणवतो.

रिपल (डीसी व्होल्टेजवर उरलेले बारीक चढउतार) किती, संरक्षणं नीट चालतात का, कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) कुठले, यातलं काहीही त्या बिल्ल्यातून कळत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लावून केलेली परीक्षणंच वाचावी लागतात. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्ट ही रिपलची मानकातली कमाल मर्यादा. चांगले एसएमपीएस पूर्ण भारावरही त्याच्या निम्म्याच्या आत राहतात.

अनुनाद

निमगोल यांच्याशी सहमत, आणि आतल्या रचनेबद्दल एक भर. स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकाच फीडबॅकने (व्होल्टेज बघून सावरणाऱ्या सर्किटने) सांभाळलेले असतात. १२ वर भार वाढला आणि ५ रिकामं राहिलं की १२ खाली बसतं आणि ५ वर चढतं. आजच्या मशीनमध्ये भार नेमका असाच एकांगी असतो. नव्या रचनेत आधी फक्त १२ व्होल्ट तयार करतात आणि त्यातून डीसी-डीसी कन्व्हर्टरने ५ आणि ३.३ काढतात, त्यामुळे एकाचं ओझं दुसऱ्यावर पडत नाही. माहितीपत्रकात 'डीसी टू डीसी' शब्द शोधा. ग्राफिक कार्ड लावायचं असेल तर त्याशिवायचा घेऊच नका.

कपॅसिटर १०५ अंशांचे हवेत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर १० अंश थंड राहिला की त्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणजे ८५ अंशांचा आणि १०५ अंशांचा यांत तेवढ्याच उष्णतेत चौपट फरक पडतो. वॉरंटी हाही एक खरा निकष आहे. ज्या मॉडेलला ७ किंवा १० वर्षं देतात, त्यात कंपनीने चांगले भाग घातलेले असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

काठपदर

पटलं. आता बदलायचा क्रम कुणी नीट लिहील का? विशेषतः मॉड्युलर (एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या) केबल आधीच ओवलेल्या असतील तर त्या तशाच ठेवून फक्त डबा बदलता येतो का?

तांबेतार

नाही. हे या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे.

केबलचं जे टोक मदरबोर्डात किंवा ड्राइव्हमध्ये जातं ते प्रमाणित आहे. जे टोक एसएमपीएसमध्ये जातं त्याला कुठलंही मानक नाही. प्लग तोच दिसतो, खटका तसाच बसतो, पण ज्या पिनेवर एका मॉडेलमध्ये ५ व्होल्ट असतात तिथे दुसऱ्यात १२ असू शकतात. मशीन चालू केल्या क्षणी साटाला लावलेल्या सगळ्या ड्राइव्ह जातात, आणि त्यांच्याबरोबर डेटाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही पिनांची मांडणी वेगळी असते. जुन्या केबल निघताना थेट त्याच खोक्यात गेल्या पाहिजेत. कंपनीने त्या दोन मॉडेलसाठी केबल सुसंगत असल्याचं स्वतः लेखी दिलं असेल तरच अपवाद.

चौकट

क्रम मी लिहितो.

मशीन शटडाउन करा, एसएमपीएसमागचं बटण बंद करा, मग मेन केबल काढा. त्यानंतर कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे ५ व्होल्ट स्टँडबायचा (मशीन बंद असतानाही चालू असणाऱ्या पुरवठ्याचा) उरलेला चार्ज निघून जातो. मदरबोर्डावर दिवा असेल तर तो विझताना दिसेल.

काही सोडवण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फ्रंट पॅनेलच्या बारीक वायरींचा जवळून एक वेगळा, कारण मोठ्या केबल ओढताना त्याच निसटतात. २४ पिनचा प्लग घट्ट असतो. खटका पूर्ण दाबून प्लग सरळ वर काढा, दुसऱ्या हाताने मदरबोर्डाची कड धरा. डावी-उजवीकडे हेलकावे दिले तर बोर्ड वाकतो. मग प्रोसेसरचा, ग्राफिक कार्डाचा, शेवटी साटा. साटाचा प्लग कधीही तिरका ओढू नका, ड्राइव्हवरची प्लॅस्टिकची जीभ तुटते आणि ती पुन्हा जोडता येत नाही.

मागचे चार स्क्रू काढताना डबा खालून धरून ठेवा, वरच्या बाजूला बसवलेला असेल तर तो थेट ग्राफिक कार्डावर पडतो. नवा बसवताना पंख्याची दिशा बघा. कॅबिनेटच्या तळाला जाळी आणि खाली हवेला जागा असेल तर पंखा खाली. तळ बंद असेल किंवा कॅबिनेट गालिच्यावर असेल तर पंखा वर. कॅबिनेटमधली खोली (मागून पुढची लांबी) आधी मोजा. एटीएक्स या नेहमीच्या आकाराच्या एसएमपीएसची रुंदी-उंची १५० बाय ८६ मिलिमीटर ठरलेली आहे, पण खोली १४० पासून १८० च्याही पुढे जाते, आणि मॉड्युलर प्लगना वर आणखी जागा लागते. छोट्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कचा पिंजरा इथेच आडवा येतो.

जागा कमी असेल तर मॉड्युलर केबल एसएमपीएसला बाहेरच लावून घ्या. ओवताना सगळ्यात आधी प्रोसेसरची केबल. ती मदरबोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते आणि एकदा बोर्डामागची जागा भरली की तिला वाट उरत नाही. प्रत्येक प्लग बसल्याचा 'टक्' आवाज आला पाहिजे, नंतर हलकेच ओढून बघा.

काठपदर

प्रोसेसरचा आठ पिनचा आणि ग्राफिक कार्डाचा आठ पिनचा एकसारखेच दिसतात. अदलाबदल झाली तर?

चौकट

तर सरळ शॉर्ट. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड विरुद्ध ओळींत आहेत : प्रोसेसरच्या प्लगमध्ये खटक्याकडच्या ओळीत १२ व्होल्ट, ग्राफिक कार्डाच्या प्लगमध्ये खटक्याकडे ग्राउंड. घरांचे आकार (काही चौकोनी, काही कोपरे कापलेली) वेगळे ठेवले आहेत ते याचसाठी, पण जोर लावला तर प्लॅस्टिक दबतं. ओळखायची सोपी खूण : प्रोसेसरचा प्लग मधोमध ४ अधिक ४ असा फुटतो, ग्राफिकचा ६ अधिक २. बोटाच्या नेहमीच्या जोराने जात नसेल तर तो प्लग तिथला नाही.

अनुनाद

ग्राफिक कार्डाच्या केबलचंही लिहून टाकतो. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. कार्डाला दोन ८ पिनची सॉकेट असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल न्या. एकाच केबलच्या टोकाला शेपटीसारखा दुसरा प्लग असतो, त्यावर दोन्ही भागवले की सगळा करंट एसएमपीएसकडच्या एकाच प्लगमधून जातो. २२५ वॅटपर्यंतच्या कार्डाला चालून जाईल, त्यापुढे तो प्लग तापतो.

१६ पिनच्या नव्या प्लगबद्दल जास्त काळजी घ्या. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, आणि ते सहा बारीक पिनांतून जातात. प्रत्येकीवर ८.३ अँपिअर. प्लग मिलिमीटरभर जरी बाहेर राहिला तरी काही पिनांचा संपर्क कमी होतो, उरलेल्यांवर करंट वाढतो आणि प्लॅस्टिक वितळतं. १२व्ही-२बाय६ या सुधारित रूपात सेन्स पिना (प्लग जोडल्याचं कार्डाला कळवणाऱ्या) आखूड आणि पॉवरच्या पिना लांब केल्या, म्हणजे प्लग पूर्ण बसल्याशिवाय कार्ड पॉवर मागतच नाही. तरीही प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसत नाही ना, हे टॉर्च लावून बघा. प्लगपासून ३५ मिलिमीटरपर्यंत केबल सरळ राहू द्या, वळण त्यानंतर.

निमगोल

मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या प्लगवरून) साटा करणाऱ्या स्वस्त अडॅप्टरचा उल्लेख राहिला. ज्यात प्लॅस्टिक वायरींभोवती ओतून बसवलेलं असतं, त्यात वायरींची टोकं आत सरकून एकमेकांना लागतात आणि प्लग जळतो. साटाच्या प्लगमध्ये प्रत्येक व्होल्टेजला तीन पिना, दर पिनेला १.५ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टवर फार तर ५४ वॅट. साटावरून ग्राफिक कार्डाचा ६ पिन काढून देणारे अडॅप्टर याच गणितात नापास होतात. ६ पिनला ७५ हवेत.

हिरवी_वायर

आता तपासणीकडे. एसएमपीएस गेला असं ठरवण्याआधी खात्री करा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की लोक थेट नवा एसएमपीएस आणतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. कारण एसएमपीएस असेल, तापलेला प्रोसेसर असेल, सैल मेन केबल असेल किंवा अडकलेलं पॉवर बटणही असेल.

मशीन अजिबात चालू होत नसेल तर मदरबोर्डापासून सगळे प्लग काढून एसएमपीएस एकटा चालवून बघता येतो. २४ पिनच्या प्लगमध्ये हिरवी वायर (१६ नंबरची पिन) आणि शेजारची काळी जोडली की तो सुरू होतो. पण हल्ली सगळ्याच वायरी काळ्या असतात. तेव्हा असं मोजा : खटका ज्या बाजूला आहे त्या ओळीत बारा घरं आहेत. त्यातलं एक रिकामं, वायरच नाही, ते २० नंबर. एका टोकापासून ते पाचवं आहे. त्याच्या विरुद्ध टोकापासून मोजायला लागा : चौथं घर १६ नंबर, पाचवं ग्राउंड.

जोडण्याआधी मल्टिमीटरने खात्री करा. एसएमपीएसमागचं बटण चालू, बाकी काही नाही, अशा स्थितीत त्या ओळीत फक्त १६ नंबरवर व्होल्टेज दिसतं, ५ च्या आसपास किंवा थोडं कमी. दुसऱ्या ओळीत फक्त ९ नंबरवर, म्हणजे जांभळ्या वायरीवर ५ व्होल्ट स्टँडबाय. तेच ५ व्होल्ट नसतील तर पुढे काही तपासायचं राहत नाही, एसएमपीएस गेला.

काठपदर

असा एकटा चालवला आणि १२.१ व्होल्ट दाखवले, तर तो ठीक आहे असं धरायचं का?

हिरवी_वायर

नाही. एवढंच कळलं की तो सुरू होतो. भाराखाली काय होतं ते वेगळंच असतं. प्लग मदरबोर्डात बसलेला असताना मागच्या बाजूने, वायरीशेजारून मल्टिमीटरची बारीक पिन आत घालून मोजा. आधी मशीन रिकामं असताना, मग प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डावर एकदम ताण देऊन. १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्ये, ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ मध्ये, ३.३ व्होल्ट ३.१४ ते ३.४६ मध्ये राहायला हवेत. मर्यादेत असूनही ताण येताच १२.१ वरून ११.५ वर येत असेल तर मी तो बदलेन. आणि मल्टिमीटरला रिपल दिसत नाही, म्हणून आकडे चांगले येऊनही कपॅसिटर थकलेला असू शकतो. शेवटची खात्री दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच होते.

राखाडी वायरही (८ नंबर) बघा. व्होल्टेज स्थिरावल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांत तिथे ५ व्होल्ट यायला हवेत. ते आले नाहीत तर पंखे फिरतात, पण बोर्ड रीसेटमध्येच अडकून राहतो.

चौकट

एक कळकळीची विनंती. पंखा आवाज करतो म्हणून डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि मेन केबल काढल्यावरही तो राहू शकतो. इलेक्ट्रॉनिक्सचं काम रोज करणाऱ्याचं ते काम आहे.

निमगोल

यूपीएस असलेल्यांसाठी दोन ओळी. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे ६०० वॅट नव्हे, घरगुती यूपीएसमध्ये तो बहुधा ३६० वॅटच असतो. आणि वीज गेल्यावर यूपीएस काही मिलिसेकंदांनी चालू होतो, तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या कपॅसिटरवर काढायचा असतो. परीक्षणात 'होल्ड-अप टाइम' १६-१७ मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर मशीन चालू राहतं. आठ-दहा असलेला एसएमपीएस यूपीएस असूनही रीस्टार्ट होतो, आणि दोष मात्र यूपीएसला दिला जातो.

अनुनाद

तयार ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर आधी कॅबिनेट उघडून मुख्य प्लगच्या पिना मोजा. २४ ऐवजी १०, ८ किंवा ६ असतील तर नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस थेट लागणार नाही. अशा बोर्डांना बरेचदा फक्त १२ व्होल्ट लागतात आणि ५ व ३.३ बोर्ड स्वतः तयार करतो. अडॅप्टर केबल मिळतात, पण त्या नेमक्या त्याच मॉडेलसाठीच्या असाव्यात, 'बहुतेक चालेल' अशा नकोत. डब्याचा आकारही वेगळा असू शकतो, टीएफएक्स हा प्रकार साधारण ८५ बाय ६५ बाय १७५ मिलिमीटर, अरुंद आणि लांब.

काठपदर

बदलला, सगळं चालू आहे. फक्त नव्या एसएमपीएसचा पंखाच फिरत नाही. परत करायचा का?

तांबेतार

थांबा. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये भार कमी असताना पंखा मुद्दाम बंद राहतो. मागे त्यासाठी वेगळं बटण असेल तर ते दाबून बघा, पंखा लगेच फिरायला लागेल. बटण नसेल तर ग्राफिक कार्डावर अर्धा तास ताण द्या. डबा तापला, मागून गरम हवा यायला लागली आणि तरीही पंखा जागचा हलला नाही, तर परत करा.